रबाईच्या शाळेतले शरणपूरचे मास्तर

नाशिककरांना शरणपूर रोड माहीत आहे तो दुकानं, दवाखाने आणि संध्याकाळची वाहतूककोंडी यांमुळे. या रस्त्याला जिचं नाव मिळालं ती शरणपूरची ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवली. तिच्या उभारणीत मोठा वाटा होता विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज पाद्र्यांचा. या वस्तीत शिकून वाढलेली, मूळची आफ्रिकन असलेली काही माणसं पुढे पूर्व आफ्रिकेत, मोंबासामागच्या टेकडीवरच्या रबाई नावाच्या गावात मास्तर म्हणून गेली. आफ्रिकेतला मिशनरी शिक्षक म्हटलं की सोला हॅट घातलेला, दाढीवाला गोरा माणूस डोळ्यांपुढे येतो. रबाईत तसे होतेच, पण शाळेचा आणि गावाचा रोजचा गाडा बराच काळ या नाशिकहून आलेल्या आफ्रिकन माणसांनी ओढला.

रबाईची सुरुवात मात्र जर्मनांनी केली. योहान लुडविग क्राप्फ हे वुर्टेम्बर्गचे. इथिओपियात काम करू देईनात म्हणून १८४४ साली ते झांझिबारमार्गे मोंबासाला आले. ओमानी सुलतान सय्यद सईद यांनी त्यांना शिफारसपत्र दिलं होतं. त्याच वर्षी जुलैत त्यांची पत्नी रोझिना आणि नुकती जन्मलेली मुलगी, दोघी तापाने गेल्या. क्राप्फ मागे फिरले नाहीत. १८४६ मध्ये योहानेस रेबमान हे दुसरे जर्मन मदतीला आले आणि ऑगस्टमध्ये दोघांनी मोंबासापासून सुमारे पंचवीस किलोमीटर आत, रबाईच्या टेकडीवर बस्तान हलवलं. हलवलं तेही अंगात ताप असताना, गाढवावर बसून.

टेकडीवर राहणारे लोक मिजिकेंडांपैकी, म्हणजे नऊ जमातींच्या समूहातले. त्यांची जुनी गावठाणं, 'काया', दाट राईत असत आणि कारभार म्हाताऱ्यांच्या सभेकडे असे. या म्हाताऱ्यांनी पाहुण्यांना फारशी खळखळ न करता जागा दिली. घर दोघांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं. काट्यादगडांनी हात रक्ताळत, भिंतींवर चिखल थापायचा आणि तळहाताने सारवायचा. कुडाच्या भिंती, वर माडाच्या झावळ्या, भोवती नारळ आणि झाडावर माडी काढायला चढलेला माणूस: कोकणातल्या कुणाला ते गाव परकं वाटलं नसतं.

पहिल्या उपासनेला डझन-दीड डझन माणसं आली. उपासना संपल्यावर त्यांच्यातल्या एकाने रोकडा हिशोब मांडला. दर वेळी भात आणि एक गाय मिळणार असेल तर येऊ, नाहीतर घरीच बरे, कारण खाणंपिणं नसेल अशा बैठकीला आमच्यात कुणी जात नाही. क्राप्फना हे लोभीपणाचं लक्षण वाटलं. मला वाटतं, तो माणूस त्यांना गावची रीत सांगत होता. बैठक बोलवायची आणि पाहुण्यांना उपाशी धाडायचं, ही पद्धत कुठल्या गावात असते?

पुस्तकांत रबाईचं नाव येतं ते डोंगरांमुळे. मे १८४८ मध्ये रेबमान यांनी किलिमांजारोवरचं बर्फ पाहिलं, डिसेंबर १८४९ मध्ये क्राप्फनी माउंट केनिया पाहिला, आणि विषुववृत्तावर बर्फ कसलं म्हणून लंडनच्या विद्वानांनी त्यांना हसून घेतलं. हे प्रवास महिन्या-दोन महिन्यांचे. उरलेला काळ तापात, पाऊसपाण्यात आणि शब्द टिपण्यात जायचा. प्रकृती ढासळली म्हणून क्राप्फ १८५३ मध्ये गेले. रेबमान मात्र एकोणतीस वर्षं आफ्रिकेत राहिले आणि तेवढ्यात एकदाही युरोपात गेले नाहीत. मसाई जमातीच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा काही काळ झांझिबारला जावं लागलं, तेवढाच खंड. त्यांची पत्नी एमा १८६६ मध्ये वारली.

रेबमान यांचा दिवस कसा जात असेल, याची उत्तम खूण म्हणजे त्यांचा न्यासा भाषेचा कोश. ही भाषा रबाईची नव्हे, दूरच्या मलावी सरोवराकाठची. तिकडून गुलाम म्हणून आणलेला सलिमिनी नावाचा माणूस त्यांना भेटला. त्याला समोर बसवून त्यांनी एकेक शब्द विचारला, उच्चार पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला आणि उतरवून काढला. जिथली ही भाषा तिथे त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नाही. कोश छापून निघाला १८७७ मध्ये, रेबमान वारल्यानंतरच्या वर्षी. शाळेत पोरं जेमतेम आणि बाप्तिस्मा घेतलेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, पण वह्या भरत होत्या. अशा माणसाला मिशनरी म्हणून अपयशी ठरवणारे तेव्हाही होते.

रबाईच्या भाषेतलं पहिलं मुळाक्षरांचं पुस्तक छापलं गेलं मुंबईत, अमेरिकन मिशन प्रेसमध्ये, १८४८ साली. लूकचं शुभवर्तमानही तिथेच आणि त्याच वर्षी. छापखाना पाहणारे टॉमस ग्रॅहॅम हे मराठी टाइप घडवण्यासाठी नावाजलेले, आणि निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी पुढे लहानपणी याच छापखान्यात टाइपाच्या कामाला लागले. गलबतं मोसमी वाऱ्यावर मोंबासा-मुंबई ये-जा करतच होती. त्यांतून कापड, धान्य जायचं तशी ही पुस्तकंही गेली.

उलट दिशेने येणाऱ्या गलबतांत माणसंही असायची. गुलामांचा व्यापार रोखायला निघालेली ब्रिटिश आरमाराची जहाजं अरबी गलबतं पकडत आणि त्यांतली माणसं मुंबईत उतरवत. मोठ्यांना कुठे ना कुठे काम मिळे. पोरांचं काय करायचं हा प्रश्न राही. कार्ल इझेनबर्ग या मिशनऱ्यांनी अशी मुलं सांभाळायला घेतली. हे इझेनबर्ग इथिओपियातले क्राप्फ यांचे जुने सोबती. १८६०च्या सुमारास हा आफ्रिकन आश्रम नाशिकला शरणपुरात हलला. तिथे लिहिणं-वाचणं, बायबल, आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम. मुलांना नवी नावं मिळाली ती थेट इंग्लंडच्या मळ्यातली: जोन्स, सेम्लर, वेनराइट, वेलिंग्टन. आईबापांनी ठेवलेलं नाव कित्येकांना आठवतही नसणार. ज्या वयात घरातून पळवलं, ते वयच तसलं.

आफ्रिकेच्या शोधमोहिमांसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईत आले तेव्हा शरणपूरची काही पोरं त्यांच्याबरोबर मोहिमेवर गेली. 'नासिक बॉइज' आळशी आहेत, अशी कुरकुर लिव्हिंग्स्टननी रोजनिशीत बरीच केली आहे. नंतरच्या तुकडीतले जेकब वेनराइट मात्र १८७३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या वेळी तिथे होते. दफनविधीची प्रार्थना त्यांनी वाचली, झाडावर लिव्हिंग्स्टन यांचं नाव कोरलं, पार्थिवासोबत इंग्लंडला गेले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा दिला. जगाला शरणपूर कळलं ते एवढंच.

रबाईची गोष्ट त्याआधीची. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघं रेबमान यांच्या मदतीला गेले. जोन्स मूळचे याओ जमातीचे. लहानपणी पळवले गेले, विकले गेले आणि फिरत फिरत मुंबईला पोचले. आफ्रिकेत परतले तरी ते 'घरी' आले असं म्हणता येत नाही, कारण रबाईची भाषा त्यांची नव्हे आणि नातंगोतंही नाही. गावाच्या लेखी ते मुंबईवाले, कोटपाटलोणातले. किनाऱ्यावर या सगळ्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' हेच नाव पडलं.

मग १८७३ आलं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर झांझिबारला गेले. सुलतान बरगश आधी तयार होईनात, तेव्हा ब्रिटिश आरमाराचा धाक दाखवला गेला आणि ५ जूनला समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करणारा तह झाला. आता सुटका झालेल्या माणसांना मुंबईपर्यंत आणण्यात अर्थ नव्हता. फ्रियर यांनी मोंबासाजवळच वसाहत सुचवली आणि ती वसवायला बोलावलं कुणाला, तर शरणपूरच्या प्राइसना. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर फ्रियर टाउन उभं राहिलं. मुंबई-नाशिककडून दीडशेच्या आसपास बॉम्बे आफ्रिकन तिकडे गेले: मास्तर, धर्मोपदेशक, सुतार, लोहार. नाशिकचा आश्रम बंद झाला. रेबमान याच वर्षी जवळजवळ आंधळे होऊन जर्मनीला परतले आणि वर्षभरात वारले.

यानंतरचं रबाई वेगळंच. पूर्वी पोरं शोधायला लागायची, आता माणसं मावेनात. सुटका झालेल्यांची एक भाषा नव्हती. याओ, मकुआ, न्यासा, सगळे सरमिसळ, म्हणून स्वाहिली हीच शाळेची आणि चावडीची भाषा झाली. घंटेवर दिवस सुरू व्हायचा: प्रार्थना, मग मोठ्यांनी शेतावर आणि पोरांनी वर्गात. मका, कसावा, नारळ. लिहिणं, वाचणं, हिशोब, पाठांतर, गाणी, मुलींना शिवण. संध्याकाळी थकून आलेल्या मोठ्या माणसांचा वर्ग. मास्तरच्या वाट्याला फळा-खडू हा त्यातला छोटा तुकडा. औषध तोच द्यायचा, लग्नं तोच जुळवायचा, बांधावरची भांडणं तोच मिटवायचा, आणि कुणाच्या घरात माडी जास्त झाली तर तिथेही तोच धावायचा. १८८४च्या दुष्काळात मिजिकेंडांतले लोकही मिशनच्या दारात आले. धान्यासाठी पोरंबाळं मोंबासाला गहाण पडत होती. एरवी गावातले जुने लोक शाळेपासून चार हात लांबच असत. त्यांच्या दृष्टीने मिशन म्हणजे शेजारी वसलेलं आणखी एक गाव, ज्याचे म्हातारे जरा विचित्र आहेत.

या सगळ्यात अवघड मामला होता पळून आलेल्या गुलामांचा. तहाने समुद्रावरचा व्यापार बंद केला होता, किनाऱ्यावरच्या मळ्यांतली गुलामगिरी नाही. मळ्यांतून पळालेली माणसं रबाईच्या टेकडीवर येत. त्यांना आसरा देऊ नये असा सोसायटीचा अधिकृत पवित्रा, कारण मोंबासाचे मालक हत्यारं घेऊन चालून येण्याच्या धमक्या देत. जोन्स यांनी माणसं परत पाठवली नाहीत. स्वतः विकली गेलेली व्यक्ती दारात आलेल्याला कोणत्या तोंडाने परत जा म्हणणार? झोपड्या वाढत गेल्या. ऑक्टोबर १८८८ मध्ये नवी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी किनाऱ्याचा ताबा घ्यायला आली, तेव्हा रबाई आणि इतर मिशनवस्त्यांत मिळून चौदाशेहून जास्त पळालेले गुलाम निघाले. कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी व्यवहारी निघाले. त्यांनी मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ला या माणसांच्या हाती मुक्ततेचे कागद पडले.

मधल्या काळात जोन्स आणखी एका दिव्यातून गेले होते. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेम्लर दोघांना डीकनची, म्हणजे पाद्रीपदाच्या पहिल्या पायरीची दीक्षा दिली. केनियाच्या भूमीवर दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकन. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर निघाले, सोबत जोन्स आणि दोनशेच्या आसपास हमाल, त्यांतले बरेच रबाईचेच. पुढे गेलेल्या बिशपांना आणि त्यांच्या बहुतेक माणसांना ऑक्टोबरअखेर बुसोगात मारलं गेलं. मागे थांबलेल्या तुकडीला घेऊन जोन्स शेकडो मैल चालत फेब्रुवारी १८८६ मध्ये रबाईला पोचले. पुढे निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'इखाबोद', म्हणजे 'वैभव गेलं'. टेकडीवर वाट पाहणाऱ्या बायकांना नवरे त्या रांगेत आहेत की नाहीत, हे ती रांग जवळ आल्यावरच कळलं.

एवढं सगळं करूनही पगार आणि मान दुय्यमच. गोरा मिशनरी नवखा असला तरी वरिष्ठ, आणि बॉम्बे आफ्रिकन कितीही जुना असला तरी मदतनीस. फ्रियर टाउनमध्ये १८८०च्या आसपास शिस्तीच्या नावाखाली फटके मारणं, कोंडणं चालायचं. बोभाटा झाल्यावर प्राइसना पुन्हा तिकडे धाडावं लागलं. बॉम्बे आफ्रिकनांनी या वागणुकीविरुद्ध तक्रारी केल्या, तर ते गर्विष्ठ आहेत, डोक्यावर बसलेत, असे शेरे पत्रांतून लंडनला गेले. शिकवायचं तेवढं शिकवलं आणि मग शिकलेला माणूस प्रश्न विचारतो म्हणून रागावले, असा हा प्रकार.

फ्रियर टाउनच्या धर्मशिक्षणशाळेचं बिऱ्हाड १९३० मध्ये नैरोबीजवळ लिमुरूला हललं. आजचं सेंट पॉल्स विद्यापीठ ते हेच. रबाईत जुन्या मिशनच्या आवारात केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी क्राप्फ यांच्या नावाने संग्रहालय केलं आहे आणि मिजिकेंडांच्या काया-राई २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. किनाऱ्यावरच्या शाळांत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत पहिली कारकून-मास्तर मंडळी आली त्यांत रबाई आणि फ्रियर टाउनमध्ये शिकलेली बरीच होती, शरणपूरची इंग्रजी नावं मागे लावून.