बीएमडब्ल्यू 507, चासी क्रमांक 70079 : पार्श्वभूमी

ऑगस्ट 2016 मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यात बीएमडब्ल्यूने नव्याने उभी केलेली एक पांढरी 507 ही स्पोर्ट्स कार मांडली. ती अमेरिकी गायक एल्व्हिस प्रेस्लीची गाडी म्हणून गाजली, पण तिचा इतिहास त्याच्यापासून सुरू होत नाही.

अमेरिकी आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहावरून आणि आल्ब्रेख्त गोएर्त्झ यांच्या आरेखनावरून 507 घडली. ॲल्युमिनियमची हाताने घडवलेली बॉडी आणि 3.2 लिटरचे, 150 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन यांमुळे किंमत मूळ अपेक्षेच्या जवळपास दुप्पट झाली आणि जेमतेम अडीचशे गाड्या बनवून कंपनीला उत्पादन थांबवावे लागले. 70079 ही त्यांपैकीच एक; नामवंत शर्यतपटू हान्स श्टुक यांनी ती प्रात्यक्षिकांत आणि घाटांतल्या शर्यतींत चालवली होती. अमेरिकी सैन्यात असलेल्या, जर्मनीतील फ्रीडबर्ग येथे नेमणूक झालेल्या एल्व्हिसने 1958 च्या डिसेंबरात फ्रँकफर्टमध्ये ती वापरलेली गाडी म्हणून घेतली. चाहत्या तरुणी पांढऱ्या रंगावर लिपस्टिकने संदेश लिहू लागल्या, म्हणून त्याने ती लाल रंगवून घेतली, असे सांगितले जाते.

गाडीचे खरे नुकसान ती अमेरिकेत गेल्यावर झाले. पुढच्या मालकाने तिचे मूळ इंजिन काढून शेवरोलेचे व्ही-8 बसवले. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सलही बदलला. त्या काळी ती केवळ एक जुनी, वेगवान गाडी होती, हे लक्षात घेतले तर या फेरफाराचा फारसा राग येत नाही. 1968 मध्ये ती कॅलिफोर्नियातील एका अंतराळ अभियंत्याने घेतली. पुढे तिला पूर्वरूप देण्याच्या इराद्याने त्याने ती भोपळ्यांच्या गोदामात ठेवून दिली आणि सुटे भाग जमवत राहिला. त्याचे हे जतन मला एल्व्हिसच्या मालकीइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्याच्यावाचून दुरुस्त करण्याजोगे काही उरलेच नसते.

2014 मध्ये गाडी म्यूनिकला बीएमडब्ल्यूकडे पोहोचली; मालक त्याच वर्षी निवर्तला, पण काम त्याच्याशी ठरल्याप्रमाणेच झाले. मूळ इंजिन हाती नसल्याने सुट्या भागांतून नवे व्ही-8 जुळवावे लागले. दरवाज्यांच्या मुठींसारखे न मिळणारे भाग त्रिमितीय मुद्रणाने घडवले. लाल रंग अधिक प्रसिद्ध असूनही पुनर्बांधणीसाठी पांढरा रंग निवडला गेला, कारण श्टुक यांनी चालवलेली आणि एल्व्हिसच्या हाती आलेली गाडी पांढरीच होती.