भूल उतरेपर्यंत

कुत्रं भुलीच्या गॅसवर नीट स्थिरावलं की त्याचं बुबुळ खाली, नाकाच्या बाजूला सरकतं. पापणी वर करून पाहिलं तर बराचसा पांढरा भागच दिसतो. भूल कमी पडली तर बुबुळ मधोमध येतं. गंमत अशी, की भूल जास्त झाली तरी ते मधोमधच येतं. म्हणजे डोळा सरळ तुमच्याकडे बघत असेल, तर प्राणी एक तर उठायच्या बेतात आहे, नाहीतर जायच्या. मग पापणीच्या कोपऱ्याला हलकेच बोट लावायचं. मिटली तर उठतोय. मिटली नाही आणि जबडाही सैल लागला, तर गॅस ताबडतोब कमी.

पाचपाखाडीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये इंटर्न आली की पहिला आठवडा मी तिला एवढंच करायला लावते. डोळा, जबडा, जिभेचा रंग, मांडीच्या आतल्या बाजूला नाडीवर बोट, आणि दर पाच मिनिटांनी कागदावर आकडे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून लोकलने ठाण्याला येणाऱ्या या मुलांना टाके घालायची घाई असते. डोक्याशी बसून आकडे लिहिणं त्यांना शिक्षा वाटते. मलाही वाटायची.

भुलीला आपण झोप म्हणतो, पण झोपलेल्या कुत्र्याला सुई टोचून बघा, चावेल. भुलीत तीन वेगळी कामं असतात: शुद्ध घालवणं, वेदना अडवणं, स्नायू सैल करणं. तिन्ही एकाच औषधाकडून करून घ्यायची तर मात्रा इतकी वाढते की रक्तदाब कोसळतो. म्हणून आधी शांत करणारं आणि वेदनाशामक इंजेक्शन, मग शिरेतून शुद्ध घालवणारं प्रोपोफॉल, मग श्वासनलिकेत ट्यूब आणि तिच्यातून आयसोफ्लुरेन हा भुलीचा गॅस. प्रोपोफॉल भरकन सोडलं तर श्वासच थांबतो, त्यामुळे सिरिंज दाबताना अंगठ्याला धीर लागतो.

त्यात प्रत्येक प्राण्याची तऱ्हा निराळी. झायलाझिन हे गुंगीचं औषध १९६२ मध्ये जर्मनीत माणसाच्या रक्तदाबासाठी शोधलं गेलं आणि शेवटी आमच्या कपाटात येऊन बसलं. घोड्याला ते जेवढं लागतं, त्याच्या साधारण दहाव्या भागात गाय आडवी होते. दोन्हींचे डोस किलोमागेच धरलेत हं. मांजर तेच औषध दिलं की बहुतेक वेळा ओकते. मांजराला ट्यूब टाकणं तर वेगळंच प्रकरण. तिचा घसा इतका हळवा, की ट्यूबचं टोक लागताच स्वरयंत्र घट्ट मिटतं. आधी घसा बधिर करायला लिग्नोकेनचा एखादा थेंब टाकायचा, अर्धा मिनिट थांबायचं, आणि तिने श्वास घेतला की त्या फटीतून ट्यूब आत. इंटर्नचा हात इथे हमखास थरथरतो.

मॉनिटर असताना बोट कशाला, हा प्रश्न दर वर्षी येतो. जिभेला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. पण प्राणी शुद्ध ऑक्सिजनवर असतो, फुप्फुसांत साठा भरलेला असतो. श्वास थांबला तरी काही मिनिटं आकडा ९८-९९च राहू शकतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मात्र लगेच बोलतो. त्याचा आकडा ३५ ते ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास हवा. श्वास थांबला की रेघ सपाट. ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली तरी तीच सपाट रेघ. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी डोळे मिटून कॅप्नोग्राफ घेईन.

मी इंटर्न होते तिथे तो नव्हता. एका लॅब्रॅडॉरला ट्यूब टाकल्यावर बाजूने हवा गळतेय का, हे बघायला मी मशिनची जादा हवा सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बंद करून मशिनचा फुगा दाबला. गळती नव्हती. व्हॉल्व्ह उघडायला विसरले. मशिनमधून ऑक्सिजन तर अखंड येत असतो. जादाचा बाहेर पडायला तोच एक रस्ता. तो बंद झाला की दाब फुप्फुसांवर चढतो, छातीतल्या शिरा दबतात, हृदयाकडे रक्तच परतत नाही. मी मान खाली घालून चार्टवर वेळ लिहीत होते. ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, मामा बादली घेऊन जाताना थबकले, म्हणाले, ‘‘मॅडम, फुगा बघा.’’ फुगा कलिंगडासारखा टणक झाला होता. नाडी बोटाला जेमतेम लागत होती. व्हॉल्व्ह उघडल्यावर फुस्स आवाज झाला आणि नाडी हळूहळू भरली. कुत्रा वाचला. हल्ली मी व्हॉल्व्ह स्क्रूने बंदच करत नाही. बोटाने दाबून धरते, बोट सुटलं की तो उघडा.

तरी सगळ्यात बेसावध वेळ ऑपरेशन संपल्यावरची. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ दरम्यान हजारो प्राण्यांची नोंद ठेवली गेली. भुलीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के होते. त्यांतले कुत्र्यांचे जवळपास निम्मे आणि मांजरांचे साधारण ६० टक्के ऑपरेशननंतर झाले, त्यातही बहुतेक पहिल्या तीन तासांत. टाके पडले की सगळ्यांचं लक्ष उडतं, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. दुसरं कारण थंडी. पोट भादरलेलं, त्यावर गार स्पिरिट, ओटीत एसी, आणि भुलीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या. तीन किलोची मांजर बघता बघता गार पडते, आणि गार अंगातून भूल लवकर उतरत नाही.

परवा एक पग होता. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा टाळू लांब, नाकपुड्या अरुंद. ट्यूब घाईने काढली तर घसा आतल्या आत मिटतो. त्यामुळे बाकी कुत्र्यांची ट्यूब गिळायला लागल्यावर काढतो, याची तो ती चावून ढकलायला लागेपर्यंत ठेवतो. इंटर्न त्याला पोटावर पालथं ठेवून, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी सरकवून जमिनीवरच बसली होती. बाहेरून मालकांनी दोनदा विचारलं, ‘‘ऑपरेशन झालं ना, मग अजून का नाही सोडत?’’ घोडबंदर रोडचं ट्रॅफिक वाढायच्या आत त्यांना निघायचं होतं. थर्मामीटर ३६.४ दाखवत होता, कुत्र्याच्या मानाने कमीच. तिने गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्या कुशीला लावली, चार्टवर वेळ लिहिली आणि दारातूनच सांगितलं, ‘‘काका, चहा घेऊन या. अजून तासभर लागेल.’’