टेनेसी टक्सीडो

‘टेनेसी टक्सीडो अँड हिज टेल्स’ : शनिवारी सकाळी लहान मुलांसाठी दाखवली जाणारी अमेरिकी कार्टून मालिका. निर्मिती ‘टोटल टेलिव्हिजन’ या संस्थेची. सीबीएस वाहिनीवर २८ सप्टेंबर १९६३ रोजी तिचा आरंभ झाला. टेनेसी हा बोलघेवडा पेंग्विन आणि चम्ली हा त्याचा धिप्पाड, भोळा वॉलरस मित्र. दोघांचा मुक्काम मेगापोलिस प्राणिसंग्रहालयात. तिथले संचालक स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांच्याशी त्यांचे कधीच पटत नाही.

अमेरिकेतील प्रसारणाचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी १९६१ मध्ये दूरचित्रवाणीला अफाट ओसाड प्रदेश म्हटले, तेव्हा मुलांच्या कार्यक्रमांतून काही शिकवले जावे ही अपेक्षा वाढली. बक बिगर्स, चेस्टर स्टोव्हर, चित्रकार जो हॅरिस ही जाहिरात क्षेत्रातून आलेली ‘टोटल टेलिव्हिजन’ची मंडळी आणि प्रायोजक जनरल मिल्स ही खाद्यपदार्थ कंपनी यांनी त्यावर काढलेला मार्ग म्हणजे ही मालिका.

तिची खरी करामत कथानकाच्या बांधणीत आहे. दोघे मित्र एखाद्या कामात उडी घेतात, अडतात आणि फिनियस व्हूपी या सर्वज्ञ गृहस्थांकडे धावतात. व्हूपी गच्च भरलेले कपाट उघडतात, आतला सगळा पसारा अंगावर कोसळतो आणि त्यातूनच त्रिमितीय फळा बाहेर निघतो. त्यावरच्या खडूच्या आकृत्या हलू लागतात आणि यंत्र किंवा निसर्गनियम उलगडत जातो. धडा येतो तो अडलेल्याने विचारल्यावर. म्हणून तो मुलांना जड होत नाही. त्यातही ऐकलेले सारे टेनेसीला नीट वापरता येतेच असे नाही. बहुतेक वेळा बेत फसतो, पण ‘टेनेसी टक्सीडो हरणार नाही’ हा त्याचा बाणा सुटत नाही. बोधप्रद कार्टूनच्या नायकाला इतक्या वेळा हरू देण्याचे धाडस दाद देण्याजोगे आहे.

टेनेसीला आवाज दिला डॉन ॲडम्स यांनी. त्यांची ती धारदार, ठासून बोलण्याची ढब १९६५ पासून ‘गेट स्मार्ट’मधल्या गुप्तहेराच्या तोंडी आणि पुढे ‘इन्स्पेक्टर गॅजेट’मध्येही ऐकू आली. चम्लीचा आवाज ब्रॅडली बोल्के यांचा, तर व्हूपींचा लॅरी स्टॉर्च यांचा.

ॲनिमेशनचे काम खर्च वाचवण्यासाठी मेक्सिकोतील गॅमा प्रॉडक्शन्समध्ये होई. चित्रांच्या हालचाली अडखळत्या वाटतात. भार सारा संवादांवर आणि आवाजांवर आहे. सीबीएसवर मालिका १९६६ पर्यंत चालली. जनरल मिल्सने १९६९ मध्ये पाठबळ काढून घेतल्यावर टोटल टेलिव्हिजनचे कामही थांबले.