रोजनिशी-अभ्यास : आम्ही तो कसा करतो

आपले ॲप किंवा सेवा कशी वाटते, असे मुलाखतीत विचारले की बहुतेक जण "चांगले आहे, कधी कधी अडते" एवढेच सांगतात. ते काही लपवत नसतात. मंगळवारी रात्री झालेली गैरसोय शनिवारी त्यांच्याच लक्षात राहिलेली नसते. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतील आमच्या ग्राहकांना आम्ही रोजनिशी-अभ्यास सुचवतो. त्यात ते ॲप किंवा सेवा वापरणारे सहभागी साधारण दोन आठवडे, गोष्ट घडेल तेव्हाच तिची नोंद पाठवतात.

समजा, घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीत राहणाऱ्या एक बाई ॲपवरून किराणा मागवतात. त्यांची नोंद अशी येऊ शकते : "साडेआठला वॉचमनचा फोन आला, डिलिव्हरीवाला बी विंगऐवजी डी विंगला गेला होता. माझे हात कणकेचे होते, फोन उचलता आला नाही. दूध परत गेलं." पत्ता भरण्याच्या रकान्यात उणीव आहे हे यातून कळतेच, शिवाय फोन स्वयंपाकाच्या ऐन वेळी येतो हेही कळते, जे मुलाखतीत विचारायचे कोणाला सुचले नसते.

लांबलचक फॉर्म आम्ही कटाक्षाने टाळतो, कारण ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने जाणारा माणूस दहा प्रश्नांची उत्तरे देत बसणार नाही. त्या क्षणी एक ओळ, फोटो किंवा व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट पुरते. बाकीची हकीकत रात्री सवडीने सांगता येते. कधी कधी आम्हीच दिवसातून अवचित संदेश पाठवून "आत्ता काय चालले आहे?" असे विचारतो. १९७० च्या दशकात शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम पेजरच्या साहाय्याने केले होते.

पहिला उत्साह ओसरला की नोंदी रोडावतात, आणि खरी मेहनत तिथे लागते. आमची व्यक्ती प्रत्येक नोंद त्याच दिवशी वाचते आणि "मग दूध कुठून आणलंत?" अशी विचारपूस करते. आपले कोणी वाचते आहे हे कळले की माणूस लिहीत राहतो. गळती गृहीत धरून सहभागी थोडे जास्त घेतो आणि मानधन टप्प्याटप्प्याने देतो. अखेरीस सहभागींच्याच नोंदी समोर ठेवून घेतलेली मुलाखत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.

नोंद ठेवण्यानेच वागणे थोडे बदलते, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे. पंधरा जणांच्या नोंदींवरून टक्केवारी मात्र आम्ही काढत नाही, आग्रह झाला तरीही.

फोटोंत घरातली इतर माणसेही येतात. त्यामुळे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ध्यानात घेऊन आम्ही स्पष्ट शब्दांत संमती घेतो, आणि सहभागीला ती केव्हाही मागे घेता येते.

पहिल्या भेटीस येताना, या अभ्यासावरून आपल्याला नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे ते एका वाक्यात लिहून आणावे. सहभागींना काय विचारायचे ते त्यावरूनच ठरते.