जर्मनीला मास्टर्स: एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा. पालकांनी काय, कधी, कुठल्या क्रमाने करायचं

मुलगा किंवा मुलगी जर्मनीला जायचं म्हणू लागली की घरात पहिला विषय फीचा निघतो. "तिकडे शिक्षण फुकट असतं ना?" असं काका विचारतात, मामा विचारतात, शेजारचेही विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, पण तो नंतरचा आहे. पहिला प्रश्न असा हवा: एपीएसचा, म्हणजे गुणपत्रिका-पदव्यांच्या पडताळणीच्या प्रमाणपत्राचा, अर्ज कधी टाकायचा? या सगळ्या प्रवासात पैसे कमी पडून अडलेली मुलं मी कमी पाहिली. एक कागद दुसऱ्या कागदाआधी हवा होता आणि तो नव्हता, म्हणून सहा महिने घरी बसलेली मुलं जास्त पाहिली. माझी मुलगी त्यातून थोडक्यात वाचली. म्हणून क्रम लिहून ठेवतेय.

आधी फीचं सांगून टाकते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. दर सत्राला 'सेमेस्टर वर्गणी' भरावी लागते. ती साधारण शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान असते आणि बऱ्याच ठिकाणी त्यात स्थानिक प्रवासाचा पासही येतो. अपवाद मात्र मोठे आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी आहे. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, मानहाइम ही सगळी याच राज्यातली, आणि चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांमुळे आपल्याकडच्या मेकॅनिकलवाल्या मुलांना नेमकी यांतलीच नावं पाठ असतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. तिथे मास्टर्सला दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो पडतात. तेव्हा 'फुकट' हा शब्द अभ्यासक्रमाचं पान उघडून पडताळल्याशिवाय धरू नका.

खासगी विद्यापीठांची गोष्ट पूर्ण वेगळी. कन्सल्टन्सीचा माणूस तीन दिवसांत ऑफर लेटर आणून देतो, आणि ते अशा विद्यापीठाचं असतं जिथे वर्षाला अनेक लाख रुपये फी आहे. सगळी खासगी विद्यापीठं वाईट असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा. 'अनाबिन' या जर्मन माहितीसंचात त्या संस्थेसमोर 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा आहे का? आणि अभ्यासक्रम पूर्ण वेळ, प्रत्यक्ष वर्गात बसून करायचा आहे का? शिक्षणासाठीचा निवास परवाना पूर्ण वेळ, प्रत्यक्ष वर्गात शिकण्यासाठी मिळतो. अर्धा-अधिक ऑनलाइन चालणारा अभ्यासक्रम निघाला, तर मूल तिथे पोचल्यावर परवान्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

कोण पात्र आहे

मास्टर्ससाठी संबंधित विषयातली पदवी हवी. तीन वर्षांच्या बीएस्सी-बीकॉमवाल्यांना दार बंद नाही, पण प्रत्येक विद्यापीठ स्वतःच्या अटी लावतं. अभ्यासक्रम इंग्रजीत असेल तर आयईएल्ट्स किंवा टोफेल, जर्मनमध्ये असेल तर बहुधा सी-१, म्हणजे बऱ्याच वरच्या पातळीचं प्रमाणपत्र.

बारावीनंतर थेट जायचं असेल तर वाट अवघड आहे, हे मुलांना आधीच सांगा. केवळ बारावीवर सरकारी विद्यापीठात बॅचलर्सला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल तर तांत्रिक विषयांना थेट मार्ग आहे. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वी केलं असेल तर त्याच विषयात प्रवेश घेता येतो. नाहीतर श्टुडिएनकोलेग, म्हणजे तिथला साधारण वर्षभराचा तयारी वर्ग, आणि त्याच्या प्रवेशालाच जर्मन यावी लागते. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून वर्ग चालतात. बारावीनंतरचा बेत असेल तर भाषा अकरावीतच सुरू केलेली बरी.

गुणांचं गणित पालकांना सहसा माहीत नसतं, म्हणून थोडं थांबून सांगते. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण तिकडे बदलायला 'बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा दहापैकी ८.२ सीजीपीए आहे. उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४ धरली तर उत्तर १.९ येतं. मर्यादा ५ धरली तर तेच गुण २.०८ होतात. काही अभ्यासक्रमांना एवढ्या फरकाने प्रवेश हुकतो. म्हणून विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढतानाच त्यावर किंवा सोबतच्या पत्रावर कमाल गुण आणि किमान उत्तीर्ण गुण स्पष्ट छापून घ्या. नंतर त्या एका ओळीसाठी पुन्हा विद्यापीठाच्या खिडकीवर रांग लावावी लागते.

एपीएस: सगळ्यात आधी

एपीएस म्हणजे दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचं शैक्षणिक मूल्यमापन केंद्र. तुमच्या मुलाच्या गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत आणि जर्मन शिक्षणासाठी पात्र आहेत, याचं प्रमाणपत्र ते देतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठं आता प्रवेशाच्या अर्जासोबतच एपीएस मागतात, त्यामुळे 'आधी अ‍ॅडमिशन, मग एपीएस' हा क्रम उलटा पडतो.

संकेतस्थळावर नोंदणी, शुल्क, आणि मग कागद. यादी साधी आहे: पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, भाषेचा पुरावा. बॅकलॉग असेल तर त्या सत्राच्या जुन्या-नव्या दोन्ही गुणपत्रिका लावा, नापासाची लपवू नका. पडताळणी हेच या केंद्राचं काम आहे आणि एक कागद संशयास्पद ठरला तर सगळा अर्ज बुडतो. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी आतापर्यंतच्या सत्रांवर अर्ज करता येतो का, याचे चालू नियम केंद्राच्या संकेतस्थळावर बघावेत. पीएचडीसाठी जाणाऱ्यांना आणि जर्मन सरकारी निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्यांना सहसा सूट असते.

प्रमाणपत्र यायला काही आठवडे जातात आणि गर्दीच्या दिवसांत आणखी. पुढच्या ऑक्टोबरला जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या गणपतीच्या सुमारास अर्ज गेलेला असावा, असं मी ओळखीच्यांना सांगते.

इथेच आपल्याकडची एक खास अडचण येते: नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव खाली वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पदवीच्या प्रमाणपत्रावर तिसराच क्रम. क्रम बदलला तर फारसं बिघडत नाही, स्पेलिंग बदललं तर बिघडतं. माझ्या मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता. सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा अर्जाला तीन आठवडे उरले होते. दहावीपासूनचे सगळे कागद आज रात्री जेवणाच्या टेबलावर एका रांगेत मांडा आणि पासपोर्टशी अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक लहान असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. नावच बदललं असेल तर राजपत्रातल्या नोंदीची प्रत जोडा. गुणपत्रिका दुरुस्त करून घ्यायची असेल तर कॉलेजमार्फत बोर्डाकडे जायला महिने लागतात.

प्रवेश अर्ज

हा भाग मुलांचा. त्यात फार ढवळाढवळ नको. एवढंच माहीत असू द्या की हिवाळी सत्र ऑक्टोबरला आणि उन्हाळी सत्र एप्रिलला सुरू होतं. अनेक ठिकाणी अर्जाची शेवटची तारीख अनुक्रमे १५ जुलै आणि १५ जानेवारी असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी मास्टर्सच्या तारखा बऱ्याचदा काही महिने आधी संपतात. अनेक विद्यापीठं 'युनि-असिस्ट' या सामाईक सेवेतून अर्ज घेतात. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम शोधता येतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. कन्सल्टन्सीने दिलेल्या यादीशी ते ताडून बघा.

ब्लॉक्ड अकाउंट: इथे पालक लागतात

मूल तिथे वर्षभर राहू शकेल एवढे पैसे आहेत, हे व्हिसाआधी दाखवावं लागतं. बँकेतली एफडी, सातबारा, सीएचं पत्र यांवर भागत नाही. विद्यार्थ्याच्या नावे जर्मनीत 'श्पेअरकोंटो', म्हणजेच ब्लॉक्ड अकाउंट, उघडून त्यात आख्खी रक्कम भरायची, आणि मग तिथे पोचल्यावर दरमहा ठरावीक हप्ता बाहेर येतो. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. युरो शंभर रुपये धरला तरी ११ लाख ९० हजार झाले, वर सेवा देणाऱ्या कंपनीचं शुल्क. ही रक्कम वेळोवेळी वाढते, तेव्हा पैसे पाठवण्याआधी दूतावासाच्या पानावर आकडा बघाच.

पैसे आई-वडिलांच्या खात्यातून जाऊ शकतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराची, मात्र आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, त्यावरच्या रकमेवर लागतो. ही मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनमागे आहे. म्हणजे आई आणि वडील दोघांचं स्वतःचं उत्पन्न, स्वतःचं खातं असेल तर दोघांनी वाटून पाठवता येतं. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट पाठवलेल्या पैशावर त्याच तारखेपासून टीसीएस नाही. कापला गेलेला टीसीएस बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या विवरणपत्रात जमा धरला जातो. म्हणून जो विवरणपत्र नियमित भरतो त्याच्याच खात्यातून पाठवा.

कर्ज घेताना एक चूक फार होते. कर्ज मंजुरीचं पत्र हे ब्लॉक्ड अकाउंटला पर्याय आहे, असं समजून लोक निवांत राहतात. ती रक्कम प्रत्यक्ष त्या खात्यात जमा व्हावी लागते. मंजुरीनंतर बँक पैसे किती दिवसांत सोडते आणि त्यासाठी कुठला कागद मागते, हे शाखेत पहिल्याच भेटीत विचारा. काही बँका आधी व्हिसा मागतात आणि व्हिसाला आधी खातं लागतं. ही गाठ पहिल्या दिवशी सुटते, शेवटच्या आठवड्यात सुटत नाही.

जर्मनीत राहणारा जवळचा नातेवाईक तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाची हमी देऊ शकतो, आणि तीही चालते. पण ती कायदेशीर जबाबदारी आहे. चुलत भावाला फोनवर सहज गळ घालण्यासारखी ती गोष्ट नाही.

व्हिसा

विद्यार्थी व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सेवा पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. मग बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी भेटीची वेळ मिळते. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. शुल्क ७५ युरो, रुपयांत. सोबत पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, शैक्षणिक कागद, भाषेचा पुरावा, बायोडेटा, आरोग्य विमा आणि 'मला हे का शिकायचंय' हे सांगणारं पत्र. हे पत्र मुलाने स्वतः लिहावं. कन्सल्टन्सीचा तयार मसुदा वाचणाऱ्याला ओळखू येतो, कारण तोच मसुदा त्याने त्या आठवड्यात दहा वेळा वाचलेला असतो.

विम्याचे दोन भाग असतात: पोचल्यापासून विद्यापीठातल्या नोंदणीपर्यंत प्रवास विमा, आणि नंतर सरकारी आरोग्य विमा. विद्यार्थी दराचा सरकारी विमा तिशीपर्यंतच मिळतो. नोकरी करून तिशीनंतर जाणाऱ्यांनी याचा खर्च वेगळा धरावा.

निकालाला दोन-तीन महिने हाताशी ठेवा आणि तोवर विमानाचं तिकीट काढू नका. पूर्वी व्हिसा नाकारला तर त्याच कार्यालयाकडे विनाशुल्क फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता पुन्हा नव्याने अर्ज करायचा किंवा जर्मनीतल्या न्यायालयात जायचं. त्यामुळे पहिलाच अर्ज पुरा हवा, 'नंतर मागतील तेव्हा देऊ' चालत नाही.

पोचल्यावर

तिथे शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या वर्षी त्यावर घरखर्चाचं गणित मांडू नका. भाषा येईपर्यंत काम मिळायला वेळ जातो.

व्हिसा सुरुवातीला काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी त्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयातून निवास परवाना काढायचा असतो, आणि मोठ्या शहरांत तिथली वेळ मिळायला फार दिवस लागतात. त्याआधी राहत्या पत्त्याची नोंदणी, 'आनमेल्डुंग'. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. बँक खातं आणि परवाना दोन्हींची गाडी त्या नोंदणीपाशी येऊन थांबते, आणि चालू खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ताही अडतो. तात्पुरत्या खोल्या देणारे काही मालक हे पत्र देत नाहीत. तेव्हा इथूनच खोली ठरवताना मुलांना भाड्याच्या आधी हे विचारायला सांगा: या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल का?