झोटेरो

वाचलेल्या पुस्तकांच्या, लेखांच्या आणि प्रबंधांच्या नोंदी सांभाळणारी व त्यांवरून लेखनात संदर्भ आणि संदर्भसूची घालून देणारी मोफत, मुक्तस्रोत संगणकप्रणाली. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या सेंटर फॉर हिस्टरी अँड न्यू मीडिया या केंद्राने २००६ मध्ये ती फायरफॉक्स ब्राउझरची पुरवणी म्हणून आणली. आता ती स्वतंत्रपणे चालते. महाविद्यालयात तिचे चीज होते ते लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहिताना. चार संदर्भांच्या निबंधाला वही पुरते.

मूळ प्रणाली आणि ब्राउझरचा कनेक्टर (उघडलेल्या पानावरून नोंद घेणारी छोटी पुरवणी), दोन्ही बसवावे लागतात. लेखाचे पान उघडून कनेक्टरच्या चिन्हावर टिचकी मारली की नोंद तयार होते. पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळखक्रमांक) किंवा लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) टाकूनही ती मिळते. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, तिथे हातानेच भरावे. पीडीएफ आत ओढली तर लेखक-शीर्षक बहुधा आपोआप सापडते. नुसते स्कॅन असेल तर सापडत नाही, आधी ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचे मजकुरात रूपांतर, करावे लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमधली पीडीएफ जास्त फसवी. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हे असल्याने मराठी शब्द शोधून काही हाती लागत नाही.

सूची बिघडते ती बहुतेक नोंदीतच. लेखकासाठी आडनाव व नाव असे दोन रकाने असतात. ‘महाराष्ट्र शासन’ त्यात विभागले गेले की सूचीत ‘शासन, महाराष्ट्र’ उमटते. ‘साने गुरुजीं’चेही तेच. अशी नावे एकाच रकान्यात ठेवावीत. एका नोंदीत ‘य. दि. फडके’ आणि दुसरीत ‘यशवंत दिनकर फडके’ असेल, तर प्रणाली त्यांना दोन माणसे समजते. विश्वकोशातला लेख ‘वेब पान’ म्हणून जतन झाला असेल तर नोंदीचा प्रकार बदलावा. दुबार नोंदी खोडू नयेत, एकत्र कराव्यात. खोडलेल्या नोंदीचा मजकुरातला संदर्भ तुटतो आणि तेच पुस्तक सूचीत दोनदा येते.

झोटेरोच्या सर्व्हरवर फायलींसाठी ३०० एमबी जागा मोफत मिळते. ती भरली म्हणून काही जण माहितीचा मूळ फोल्डरच गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये हलवतात. हे करू नये, त्यातली डेटाबेस फाइल खराब होण्याचा धोका असतो.

वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत संदर्भ घालता येतात, मात्र एकातून दुसऱ्यात जाताना साधे कॉपी-पेस्ट केल्यास संदर्भांची झोटेरोतल्या नोंदींशी असलेली जोडणी जाते. संदर्भ मांडण्याची शैली इंग्रजी असली की मराठी सूचीतही इंग्रजी ‘अँड’ घुसतो. तो हाताने बदलला तरी पुढच्या अद्ययावतीकरणात परत येतो. म्हणून प्रबंधाची वेगळी प्रत काढावी, तिच्यात संदर्भांची जोडणी सोडवावी आणि मगच असे शब्द बदलावेत. मूळ फाइल जोडणीसह तशीच ठेवावी, कारण मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या त्यानंतरही येतातच.