प्रारण शीतलन (गच्चीवरचे प्रयोग, नाशिक)

निरभ्र रात्री उघड्यावर ठेवलेली वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, त्याला प्रारण शीतलन म्हणतात. प्रत्येक वस्तू इन्फ्रारेड लहरींतून उष्णता बाहेर टाकत असते, हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीचशी अडवून परत खाली पाठवतात, पण साधारण ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असते आणि आपल्या रोजच्या तापमानाच्या वस्तू नेमक्या इथेच सगळ्यात जास्त उष्णता सोडतात, म्हणजे ती थेट अंतराळात निघून जाते जिथे उणे २७० अंश आहे. चांगल्या रात्री दर चौरस मीटरला ५० ते १०० वॅट असे जातात.

नाशिक यासाठी खरंच चांगलं गाव आहे. उंची सुमारे ६०० मीटर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, आकाश मोकळं. पावसाळ्यात मात्र नादी लागू नये, ढग स्वतःच खाली उष्णता पाठवतात.

थर्मोकोलचा खोका घ्यायचा, आत मॅट रंग दिलेला पत्रा, रंग काळा की पांढरा याने रात्री काही फरक पडत नाही पण रंग पाहिजेच, कारण चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णता सोडतच नाही म्हटलं तरी चालेल. वरून पातळ पॉलिथिन ताणून लावायचं म्हणजे वारा लागत नाही. काच लावली की प्रयोग संपला, काच या लहरी पूर्ण अडवते. शेजारी उंच बिल्डिंग असेल तर तिच्या भिंतीसुद्धा उष्णता टाकतात, त्यामुळे गंगापूर रोडच्या अपार्टमेंटपेक्षा मखमलाबादकडचा मळा बरा. आणि अगदी तस्साच दुसरा खोका पुठ्ठ्याच्या आडोशाखाली ठेवायचा, हे बहुतेक लोक करत नाहीत, पण त्याशिवाय गारवा आकाशामुळे आला की नुसता थंडीमुळे हे कळणारच कसं? उघड्या खोक्यातला पत्रा हवेपेक्षा ५ ते १० अंश खाली जाऊ शकतो. दव पडायला लागलं की पारा उतरणं मंदावतं, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते ना.

ही युक्ती जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १७७५ मध्ये अलाहाबादकडे बर्फ कसा बनवत त्याचं वर्णन छापलंय, खड्ड्यात उसाची वाळलेली ताटं पसरून त्यावर रात्रभर पाण्याची मातीची उथळ भांडी, थोडं काम बाष्पीभवनाचंही. दिवसा भर उन्हात हे जमवलं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये, हवेपेक्षा जवळपास ५ अंश खाली.

निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हेच विज्ञान नको असतं, फार गारव्याने द्राक्षांचं नुकसान होतं. तिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खूप खाली आला की बागेत शेकोट्या पेटतात. धूर पांघरुणासारखा उष्णता अडवतो असं समजतात, पण धुराचे कण त्या लहरींपुढे फार बारीक पडतात, खरा उपयोग जाळाच्या उबेचा आणि त्याने हवा ढवळली जाते त्याचा, म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा बागभर छोट्या शेकोट्या आणि विहिरीचं कोमट पाणी जास्त कामाला येतं.